रायफलीचा भाव

बंदुकीच्या दुकानाच्या मालकीणबाई रविवारी दुपारी घरी येणार आहेत, हे थोरल्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर धाकट्याला नेमकं तेव्हाच कुठलं तरी काम निघालं असतं, आणि ताईने फोनवर अर्धा तास त्याची शाळा घेतली असती. थोरला विम्याच्या कचेरीत नुकसानीचे दावे तपासायचा. माणसांना विचार करायला उसंत मिळाली की ती हमखास फाटे फोडतात, हे तो वीस वर्षं बघत आला होता. म्हणून त्याने भावाबहिणीला आईबाबांकडे नुसतं जेवायला बोलावलं. जेवणं झाली, आईने टेबल पुसलं, आणि दारावरची बेल वाजली.

बाई पन्नाशीच्या होत्या. आखूड केस, जाड भिंगांचा चष्मा, हातात प्लंबरकडे असते तशी पत्र्याची पेटी. वडिलांचं दुकान त्या तीस वर्षं चालवत होत्या. आत येताच त्यांनी आधी टेबलावर उजेड कुठून येतो ते पाहिलं आणि मग माणसांना नमस्कार केला.

थोरल्याने मग सगळं एका दमात सांगून टाकलं. शुक्रवारी नवा आदेश निघाला होता. पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाचा परवाना यापुढे चालू राहणार नव्हता, आणि तो मुलाच्या नावावर करून द्यायची जुनी सोयही बंद झाली होती. बाबांना मार्चमध्ये शहात्तर पूर्ण झाली होती. पंधरा तारखेपर्यंत परवानाधारक दुकानदाराला हत्यार विकता येणार होतं. त्यानंतर ते पोलीस ठाण्यात जमा करायचं आणि हातात कागद घेऊन घरी यायचं. आज नऊ तारीख होती.

"म्हणजे ठरवून झालंय तुझं," धाकटा म्हणाला.

"ठरवलंय सरकारने. मी फक्त तारीख वाचली."

ताई मोठ्या इस्पितळात परिचारिका होती, रात्रपाळी करून तशीच आली होती. खरं तर तिला ते हत्यार घरातून जायला हवंच होतं, आणि थोरल्याने तिला तेवढ्यासाठीच न विचारता आपल्या बाजूला धरलं होतं. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. दुसऱ्याच कुणाचं सामान उघडलं जात असावं, तसे ते या सगळ्याकडे बघत होते. थोरल्याने त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघू दे त्यांना."

आईने कमरेची किल्ली काढून दिली. ती काढायला तिला जरा जास्तच वेळ लागला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

थोरल्याने पोलादी कपाटातून कॅनव्हासच्या पिशवीत बांधलेली रायफल आणून टेबलावर आडवी ठेवली. त्याच्या डोक्यात आकडा तयार होता. अगदी अशीच एक, याच बनावटीची, गेल्या वर्षी अडीच लाखांना गेल्याचं त्याने वाचलं होतं. बाबा गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात घसरले होते. खाली नवीन न्हाणीघर बांधायचं, भिंतीला धरायला दांडे, पायाखाली खरखरीत फरशी. गवंड्याशी त्याचं बोलणंही झालं होतं. हे त्याने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आधी पैसे हातात येऊ देत, मग सांगू, असा त्याचा बेत होता.

बाईंनी पिशवीचे बंद सोडले, रायफल बाहेर काढली, आणि मधल्या रिकाम्या खाचेकडे एकदा पाहिलं. बोल्ट तिथे नव्हता. गोळी आत सरकवणारा आणि दाबून धरणारा तो लोखंडी दांडा पुष्कळ घरांत सुरक्षेसाठी वेगळा कुलपात ठेवतात. तसंच असेल असं धरून त्यांनी काही विचारलं नाही. एका टोकाला बारीकसा दिवा धरून दुसऱ्या टोकाने त्या नळीत बघत राहिल्या.

"नळी छान ठेवलीय," त्या म्हणाल्या. "आतले पीळ अजून धारदार आहेत. तोंडाशी थोडा गंज आहे, तो निघेल."

थोरला सुखावला. पण तेवढ्यावर ते थांबलं नाही. बाईंनी नंबर भिंगाखाली धरून वहीत उतरवला, चाप बोटाने चाचपला, आणि शेवटी लाकडी दस्त्यावरून तळवा फिरवला. दस्ता मूळचा नव्हता. आजोबांच्या लाकडाच्या वखारीवर रायफल गाडीवरून पडून मूळचा दस्ता मोडला होता. आजोबांनी मग वखारीतल्याच अक्रोडाच्या लाकडातून स्वतः नवा घडवला. काम सुंदर आहे, बाई म्हणाल्या, पण घेणाऱ्याला कारखान्यातलं लाकूड लागतं. त्याचे पैसे वजा होतात.

मग त्यांनी भाव सांगितला. सत्तर हजार.

थोरल्याने गेल्या वर्षीचा आकडा काढला. बाईंनी तो नाकारला नाही. गेल्या वर्षी मीही दीड लाख दिले असते, त्या म्हणाल्या, पण शुक्रवारपासून माझ्या दुकानात एकोणीस रायफली आल्यात आणि विकत घेणारे नेमबाजीचे क्लब दोनच उरलेत, कारण या मापाची रायफल नव्या यादीत क्लबशिवाय कुणाला ठेवताच येत नाही. उद्या एकोणीसच्या तीस होतील, मग मी पन्नास सांगेन. सोळा तारखेला काहीच सांगणार नाही, सांगायचा मला अधिकारच नसेल. थोरला दाव्यांच्या कामात मुरलेला होता. समोरचा माणूस खोटं बोलत नाहीये हे त्याला चटकन कळायचं, आणि या वेळी ते कळल्यामुळेच त्याचा चेहरा उतरला.

धाकट्याला किमतीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या कानात एकच वाक्य राहिलं होतं: त्याचे पैसे वजा होतात. तो सुतार होता. तिघांत त्या वखारीचा वारसा कुणी चालवला असेल तर त्याने, आणि तोही भाड्याच्या गाळ्यात, दोन करवती आणि एक रंधा यंत्र घेऊन. वखार जळाली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आजोबांच्या हातचं म्हणावं असं त्या आगीतून जे वाचलं ते एवढंच, कारण त्या रात्री रायफल घरी होती.

त्याने बाईंना बाजूला घेऊन विचारून पाहिलं. आपण परवाना मागितला तर? मिळणार नाही. नळी बुजवून भिंतीवर लावली तर? आधी चालायचं, आता तेही नाही. मग तो टेबलाशी परत आला आणि विकायचीच नाही म्हणाला. चौदा तारखेपर्यंत कोर्टात कुणीतरी जाईल, आदेशाला स्थगिती मिळेल, अशी गाळ्यावर कुणी तरी उडवलेली बातमी त्याने मोठ्या खात्रीने सांगितली.

"बरं, बोल्ट आणा," बाई म्हणाल्या. "त्याच्यावरचा नंबर जुळवून घेते. जुळला की सत्तर पक्के."

थोरल्याने कपाट पुन्हा उघडलं. वरचा कप्पा, खालचा कप्पा, कागदपत्रांची फाइल, नळी पुसायच्या फडक्यांचा डबा. बोल्ट नव्हता. त्याने आईला विचारलं. आई म्हणाली, "दूध उतू जाईल," आणि आत गेली. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाबांना हल्ली विसरायला होतं, म्हणून त्याने त्यांना सोडून दिलं आणि सरळ भावाकडे वळला.

"कुठे ठेवलास?"

"काय?"

"बाळ्या, मी दिवसभर असल्या लोकांशीच बोलतो. वस्तू द्यायची नसली की तिचा एक भाग हरवतो. सत्तर हजारांची वस्तू अडवून तुला काय मिळणार आहे? एक लाकडाचा तुकडा?"

धाकट्याचा चेहरा लाल झाला. कपाटाची किल्ली आईच्या कमरेला, तुझ्या गाडीची चक्कर दर रविवारी इथे, मी महिन्यातून एकदा येतो, मग अडवायचं कसं, असं त्याने विचारलं. आणि किंमत काढायला बाई आणल्यास त्या कुणाला विचारून आणल्यास, हेही विचारलं. इथवर ताई थोरल्याच्या बाजूने होती. पण भावाला चोर ठरवलेलं तिला सहन झालं नाही.

"दादा, पुरे," ती म्हणाली. "तो खोटं बोलताना कान खाजवतो. लहानपणापासून. आता खाजवला का?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हा घरगुती प्रश्न असता तर मी बाहेर जाऊन बसले असते, त्या शांतपणे म्हणाल्या, पण नव्या नियमात बोल्ट हाही हत्यारच धरलाय. माझ्यासमोर रायफल आली आणि बोल्ट बेपत्ता आहे, एवढं कळल्यावर मला आजच्या आज ठाण्यात कळवावं लागतं. नाही कळवलं तर माझं दुकान जातं. आणि चौकशी होईल ती ज्यांच्या नावावर परवाना आहे त्यांची.

तिघांनीही एकदम खिडकीकडे पाहिलं. शहात्तर वर्षांचा माणूस, एका कानाने जेमतेम ऐकणारा, ठाण्यातल्या बाकावर बसलेला त्यांना दिसला. थोरल्याला प्रथमच वाटलं की आपण ही घाई करायला नको होती.

दूध उतू जाणार नव्हतं. गॅसच पेटवलेला नव्हता. आई आतल्या खोलीत शिलाई मशीनसमोर उभी होती आणि बाहेरचा शब्दन् शब्द ऐकत होती.

आदेशाची बातमी तिनेही ऐकली होती. तिला वाटलं होतं रायफल सोमवारी किंवा मंगळवारी दुकानात न्यावी लागेल, आधी कळेल, आपण नेहमीसारखं करून ठेवू. थोरल्याने मध्येच ही चपळाई केली. आता बोलायचं म्हणजे सगळ्यांदेखत बोलायचं. नवऱ्यादेखत. अकरा वर्षं जे दोघांत कधी निघालं नाही, ते मुलांसमोर आणि एका परक्या बाईसमोर काढायचं. मग तिने बाहेर धाकट्याचा आवाज ऐकला. तो आता ओरडत नव्हता, नुसता "मी नाही घेतला रे" म्हणत होता, आणि त्याचा आवाज थोडा फुटला होता. तिने मशीनचा खालचा खण ओढला. बॉबिनी, झिपा, बटणांची बरणी, आणि सगळ्यांच्या मागे तेलकट फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली जड वस्तू.

ती बाहेर आली आणि ते गुंडाळं टेबलावर ठेवलं.

"मी काढला होता," ती म्हणाली. "त्याला काही बोलू नकोस."

थोरल्याला आधी कळलंच नाही. आईने काढला म्हणजे काय? आईला तो काढता येतो? आईने त्याच्याकडे न बघता सांगितलं. ते दर महिन्याला माझ्यासमोर बसून साफ करायचे. बावीस वर्षं बघितल्यावर येतंच.

"पण का?" धाकट्याने विचारलं.

आईने पदर नीट केला. बाईंनी उठायची तयारी केली, तर आई म्हणाली, बसा, तुम्हाला कळायलाच हवं, नाहीतर तुम्ही कागदावर भलतंच लिहाल.

"वखार गेली त्याच्या तीन वर्षांनंतरची गोष्ट," ती म्हणाली. "कर्ज फिटलं होतं, तू नोकरीत स्थिर होतास, हिचं लग्न झालं होतं. सगळे म्हणायचे, आता सगळं मार्गी लागलं. तेव्हाच यांनी बोलणं टाकलं. जेवायचे, झोपायचे, पण माणूस इथे नसायचा. एक दिवस सकाळी मी मंडईतून लवकर परत आले. पिशवी विसरले होते. हे पलंगावर बसले होते आणि ही रायफल मांडीवर होती." तिने फ्लॅनेलच्या गुंडाळ्यावर हात ठेवला. "साफ करत नव्हते. फडकं नव्हतं, तेल नव्हतं. मी काही विचारलं नाही. म्हटलं, चहा टाकते, खाली या. ते आले. त्या दुपारी मी हा काढून घेतला आणि पुढे कपाटाची किल्लीही माझ्याकडेच ठेवली."

इस्पितळात ताईने अशा माणसांचे नातेवाईक पाहिले होते. आम्हाला काही कल्पनाच नव्हती म्हणणारे. त्या वर्षी ती नव्या घरात पडदे लावण्यात दंग होती. बाबा जरा शांत झालेत, एवढंच तिने नवऱ्याला सांगितलं होतं.

थोरला हळूच म्हणाला, "पण तपासणी व्हायची. दर तीन वर्षांनी. ठाण्यात दाखवायला न्यायचो आपण."

"आदल्या रात्री मी बसवायचे," आई म्हणाली. "आणून ठेवली की परत काढायचे."

"आणि हिच्या कधी लक्षातच आलं नाही," बाबा म्हणाले.

सगळे वळले. बाबांनी खुर्चीचे हात धरून स्वतःला थोडं सरळ केलं होतं. त्यांचा आवाज मोठा होता, बहिऱ्या माणसांचा असतो तसा.

"काय लक्षात आलं नाही?" आईने विचारलं.

"की मला माहीत आहे. चार दिवसांनीच मी ती पुन्हा काढली होती. कशासाठी काढली, ते आता नको. पिशवी उघडली तर मधे भोक." त्यांनी हाताने तेवढं अंतर दाखवलं. "बराच वेळ बघत बसलो. मग तू आल्याचा आवाज आला, म्हणून बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी किल्ली तुझ्या कमरेला दिसली."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? मला लाज वाटली. आणि…" ते बायकोकडे बघू लागले. "आणि त्या दिवशी मला झोप लागली. दोन-तीन महिन्यांनी पहिल्यांदा. वाटलं, चला, हिला ठाऊक आहे. आता माझ्या एकट्याच्या डोक्यावर नाही."

आई जवळच्या खुर्चीत बसली. अकरा वर्षं तिने प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री दार ओढून घेऊन, श्वास रोखून बोल्ट बसवला होता, खटका वाजू नये म्हणून वर टॉवेल धरून. आणि पलीकडे हा माणूस जागा होता. जाणूनबुजून कूस वळून पडला होता.

"टॉवेल धरायचीस," बाबा म्हणाले. "तरी वाजायचा."

पहिला हसला धाकटा. त्याला ते आवरलं नाही. मग ताई, हसताहसता रडायला लागलेली, आणि शेवटी आईसुद्धा, तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. थोरला हसला नाही. तो उठून बाबांच्या खुर्चीशी गेला आणि काय करावं न सुचून त्यांच्या गुडघ्यावरची शाल सारखी करत राहिला. बाबांनी त्याचा हात दोनदा थोपटला.

बाईंनी तेवढ्या वेळात फ्लॅनेल उलगडून बोल्टवरचा नंबर भिंगाखाली धरला होता. नंबर जुळला. नुसता जुळलाच नाही, तर त्यावर गंजाचा ठिपका नव्हता.

"तेल कुणी दिलं याला?" त्यांनी विचारलं.

"मीच," आई म्हणाली. "मशीनचं. दर सहा महिन्यांनी."

बाईंनी मान हलवली आणि वहीतला आकडा खोडून पंच्याहत्तर लिहिला. बोल्ट याच घरात, परवानाधारकाच्या माहितीत होता, असं त्या पावतीवर लिहितील, म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. मग त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. लाकूड हे हत्यार नसतं, नव्या नियमातही नाही. दुकानात कारखान्याचे चार जुने दस्ते पडून आहेत, त्यातला एक बसेल, म्हणजे क्लबलाही बरं आणि मला वजाबाकी करावी लागणार नाही. हा तुमचा तुम्ही ठेवा. पेटीतून त्यांनी पेचकस काढला आणि तो धाकट्याच्या हातात दिला. दोन पेच होते. त्याने ते इतक्या हळू सोडवले की थोरल्याला घड्याळ बघावंसं वाटलं, पण त्याने बघितलं नाही.

बाबांनी तीन ठिकाणी सह्या केल्या. रायफल, आता नुसतं लोखंड, बाईंच्या गाडीतल्या लांब पेटीत गेली. थोरला पोचवायला बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. आल्यावर धाकट्याला म्हणाला, गवंडी बघितलाय, पण न्हाणीघराला दार, कपाट लागेल, ते तू करशील का. धाकट्याने विचारलं, कसलं न्हाणीघर. मग दोघं कागद-पेन्सिल घेऊन जिन्याखालच्या जागेत मापं घ्यायला लागले. तिथून त्यांचं भांडण ऐकू येत होतं, दार आत उघडावं की बाहेर यावरून, आणि ते ऐकायला फार बरं वाटत होतं.

ताईची निघायची वेळ झाली होती. झोप अशी डोळ्यांवर आली होती की आता गाडी चालवणं शहाणपणाचं नव्हतं. तरी तिने पर्स उचलली. आई दारापर्यंत आली, तिच्या कुर्त्याला लागलेला धागा काढला, आणि अगदी सहज, उद्या भाजी कुठली आणू असं विचारावं तसं म्हणाली, "तुझ्याकडे चार दिवस राहायला येऊ का गं?"

ये ना, ताई म्हणून गेली. म्हणताम्हणताच ती थबकली. तिच्या दोन्ही बाळंतपणांना आई सकाळी सातला यायची आणि अंधार पडायच्या आत निघायची. नातीच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी निघाली होती. मामी वारली तेव्हा रात्रीची गाडी धरून परत आली होती. मला बाई माझ्याच उशीवर झोप लागते, असं ती प्रत्येक वेळी म्हणायची, आणि सगळे त्यावर तिची थट्टा करायचे. ताईने सगळ्यांत जास्त केली होती. अकरा वर्षांत तिची आई एक रात्र या घराबाहेर झोपली नव्हती, आणि ते आज, आत्ता, दारात चप्पल घालताना तिला कळत होतं.

तिने मागे वळून बाबांना हाक मारली, आईला घेऊन जाऊ का विचारलं, थोडं मोठ्याने.

"जाऊ दे तिला," बाबा खुर्चीतून म्हणाले. "आठ दिवस ठेव. माझं मी बघतो."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. नीट, वेळ घेऊन पाहिलं. मग ती पिशवी भरायला आत गेली. दोन साड्या, औषधं, चष्म्याचं घर. उशी तिने घेतली नाही. गाडीत बसल्यावर कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत ती ताईला नीट चालव, झोपू नकोस, असं बजावत होती, आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत स्वतःच, मान खिडकीला टेकून, गाढ झोपली होती.